हिवाळ्यात किनाऱ्याचा अंदाज वाचताना आधी वारा वाचावा

पुढील आठवड्याचा हवामान अंदाज बहुतेकांसमोर येतो तो सात चौकटींच्या रूपात. प्रत्येक चौकटीत एक सूर्य किंवा ढग असतो, त्याखाली कमाल आणि किमान तापमान असते आणि फार तर पावसाची टक्केवारी असते. समुद्रापासून दूर असलेल्या सपाट प्रदेशात हिवाळ्याचे बरेच दिवस एवढ्या माहितीवर निभावतात. किनाऱ्यावर मात्र ते निभावत नाहीत, कारण तेथे आठवडा कसा जाणार हे ठरवणारी गोष्ट त्या चौकटीत सहसा सर्वांत लहान अक्षरांत लिहिलेली असते किंवा लिहिलेलीच नसते. ती गोष्ट म्हणजे वाऱ्याची दिशा. वारा कोणीकडून येतो, येताना तो जमिनीवरून आला की पाण्यावरून, आणि पाण्यावरून आला असल्यास किती अंतर कापून आला, एवढे कळले की थंडी, धुके, पाऊस, बर्फ आणि लाटा यांपैकी बहुतेकांचा उलगडा होऊ लागतो. म्हणून किनाऱ्यावर राहणाऱ्या किंवा तेथे जाणाऱ्या प्रत्येकाने अंदाज उघडल्यावर आधी वारा वाचावा आणि मग तापमानाकडे वळावे, असे मी आग्रहाने सांगतो.

वाऱ्याला नाव मिळते ते तो ज्या दिशेकडून येतो तिच्यावरून, हे येथेच स्पष्ट केलेले बरे. वायव्य वारा म्हणजे वायव्येकडून आग्नेयेकडे वाहणारा वारा. नकाशावरच्या बाणाचे टोक मात्र पुष्कळदा वारा जिकडे चालला आहे तिकडे असते, आणि घाईघाईत नकाशा पाहणाऱ्याचा नेमका येथेच घोटाळा होतो.

समुद्राची ऊब

पाणी तापायला वेळ लागतो, तसाच निवायलाही लागतो. एक किलो पाण्याचे तापमान एका अंशाने वाढवायला सुमारे ४,१८० ज्यूल उष्णता लागते, तर तेवढ्याच कोरड्या मातीला साधारण तिच्या पाचव्या हिश्शाएवढी पुरते. शिवाय जमिनीत दिवसाची उष्णता फार खोल उतरत नाही, उलट समुद्रात वारा आणि लाटा वरचे पाणी खालच्या पाण्यात सतत मिसळत राहतात, त्यामुळे उन्हाळ्यातली उष्णता कित्येक मीटर खोलीपर्यंत साठते. हा साठा केवढा असतो, याची कल्पना एका हिशेबावरून येईल. समुद्राच्या वरच्या अवघ्या अडीच मीटर जाडीच्या थराचे तापमान एका अंशाने उतरले, तर त्यातून बाहेर पडणारी उष्णता त्या थरावरच्या हवेचा वातावरणाच्या माथ्यापर्यंतचा सबंध स्तंभ एका अंशाने तापवायला पुरते.

याचा पहिला परिणाम असा की समुद्राचा हिवाळा उशिरा येतो. उत्तर गोलार्धात सर्वांत लहान दिवस डिसेंबरच्या २१ किंवा २२ तारखेला असतो आणि समशीतोष्ण पट्ट्यातील जमीन बहुधा जानेवारीत सर्वाधिक थंड होते, पण तेथील समुद्राचे पाणी सर्वांत थंड होते ते फेब्रुवारी किंवा मार्चमध्ये. म्हणजे डिसेंबरमध्ये समुद्रावरून येणारा वारा आणि मार्चच्या प्रारंभी त्याच दिशेने येणारा वारा यांची ऊब सारखी नसते, आणि जुन्या अनुभवावर विसंबून उशिरा हिवाळ्यातही समुद्राकडून तितक्याच उबेची अपेक्षा ठेवणारा माणूस गारठतो.

दुसरा परिणाम रोजच्या रात्रीत दिसतो. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असेल, तर जमीन आपली उष्णता अवकाशात सोडून झपाट्याने निवते. अशा रात्री किनाऱ्यालगतची वस्ती आणि वीस किलोमीटर आत असलेली खोलगट दरी यांच्या किमान तापमानात कित्येक अंशांचा फरक पडू शकतो, तरीही अंदाजात दोन्ही ठिकाणे एकाच विभागात मोडत असल्याने आकडा एकच छापला जातो. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे येणारे खारे वारे आणि रात्री जमिनीकडून समुद्राकडे जाणारे मतलई वारे शाळेत सर्वांनी शिकलेले असतात. हिवाळ्यात या दोहोंचा तोल बिघडतो. थंड प्रदेशात जमीन दिवसाचा बराच काळ पाण्यापेक्षा थंडच राहते, त्यामुळे मतलई वारे अधिक तास वाहतात आणि खारे वारे क्षीण होतात किंवा उठतच नाहीत. आतल्या भागातली जड, थंड हवा नदीच्या खोऱ्यातून पाण्यासारखी खाली उतरते, आणि म्हणून नदीमुखाजवळची पहाट शेजारच्या उघड्या किनाऱ्यापेक्षा अधिक बोचरी असते. रात्री आतल्या शेतांवर साचलेले धुकेही याच वाऱ्याबरोबर बंदरात उतरू शकते. अंदाजात धुक्याचा इशारा केवळ आतल्या भागासाठी दिलेला असला, तरी पहाटे होडी काढणाऱ्याने तो आपल्यासाठीही आहे असे समजावे.

थंड वारा उबदार पाण्यावरून येतो तेव्हा

किनाऱ्याच्या हिवाळ्यातला मला सर्वांत विलक्षण वाटणारा प्रकार हा आहे. जमिनीवरून निघालेली कोरडी, अतिथंड हवा समुद्रावर आली की तिला खालून ऊब आणि बाष्प दोन्ही मिळू लागतात. तळाची हवा हलकी होऊन वर चढते, ढग तयार होतात, आणि वारा पलीकडच्या किनाऱ्याला लागेपर्यंत निघताना कोरडी असलेली हवा बर्फाने भरलेली असते. सायबेरियातून निघणारे हिवाळी वारे जपानच्या समुद्रावरून जातात, तेथे सुशिमा हा उबदार प्रवाह त्यांना बाष्प पुरवतो, आणि होन्शू बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर, निइगातासारख्या प्रांतांत, जगातल्या सर्वाधिक हिमवर्षावांपैकी एक होतो. पर्वतरांगेच्या पलीकडे तोक्योत मात्र त्याच दिवशी कोरडे, लख्ख ऊन असते. देश एक, दिवस एक आणि वाराही एकच, पण एका बाजूला तो पाण्यावरून आलेला असतो आणि दुसऱ्या बाजूला डोंगर उतरून.

अशी हिमवृष्टी केव्हा संभवते यासाठी अंदाजकर्ते एक ढोबळ कसोटी वापरतात. ती मूळची उत्तर अमेरिकेतल्या महासरोवरांसाठी बांधली गेली. पाण्याचा पृष्ठभाग आणि त्यावर सुमारे दीड किलोमीटर उंचीवरची हवा यांच्या तापमानात निदान १३ अंश सेल्सिअसचा फरक असला पाहिजे, आणि वाऱ्याने पाण्यावरून पुरेसे अंतर कापलेले असले पाहिजे. यातील दुसऱ्या अटीमुळेच दिशेला एवढे महत्त्व येते. लांबट आकाराच्या पाण्यावरून वारा लांबीच्या दिशेने वाहिला तर त्याला शेकडो किलोमीटर पाणी मिळते, आडवा वाहिला तर थोडेसेच मिळते, आणि दिशेत झालेल्या दहा-वीस अंशांच्या बदलाने बर्फाचा पट्टा एका गावावरून उठून दुसऱ्या गावावर जातो. नोव्हेंबर २०१४ मध्ये ईरी सरोवराच्या काठावरील बफेलो शहराच्या दक्षिणेकडील उपनगरांत दीड मीटरहून अधिक बर्फ साचले, आणि काही किलोमीटर उत्तरेला जेमतेम काही सेंटिमीटर पडले. अशा आठवड्यात ‘किनारी भागात काही ठिकाणी जोरदार हिमवृष्टी’ असे वाक्य अंदाजात आले, तर ते अंदाजकर्त्याने जबाबदारी टाळण्यासाठी लिहिले आहे असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात ते अगदी प्रामाणिक वाक्य असते, कारण पट्टे अरुंद असतात आणि ते नेमके कोठे लागतील हे दोन-तीन दिवस आधी सांगता येत नाही.

समुद्रावरून वारा वाहत असताना खुद्द काठावर बर्फाऐवजी पाऊस पडणे हे याच उबेचे दुसरे रूप आहे. ढगातून निघालेले हिमकण शेवटच्या काहीशे मीटरांत शून्याच्या वरच्या हवेतून आले की वितळतात, म्हणून काठावर पाऊस, थोडे आत गेल्यावर पाऊस आणि बर्फ यांची भेसळ, आणि त्याहून आत निखळ बर्फ अशी रेघ पडते. मात्र जमिनीलगत शून्याखालची थंड हवा अडकलेली असेल आणि तिच्यावरून समुद्राची उबदार हवा सरकत असेल, तर वर वितळलेला थेंब खाली येऊन रस्त्याला, तारेला किंवा झाडाच्या फांदीला लागताच गोठतो. हा गोठणारा पाऊस दिसायला साध्या रिमझिमीसारखा असतो आणि हिवाळ्यातल्या सर्व पर्जन्यप्रकारांत मी त्याला सर्वांत घातक मानतो, कारण रस्ता केवळ ओला दिसत असल्याने कोणी वेग कमी करत नाही.

वादळ येते तेव्हा

मध्य अक्षांशांतील किनाऱ्यांवर हिवाळ्याचे वादळ म्हणजे कमी दाबाचे एक विस्तीर्ण आवर्त असते, आणि त्याला इंधन मिळते ते थंड आणि उबदार हवेच्या फरकातून. उत्तर गोलार्धात असे आवर्त किनाऱ्याच्या उत्तरेकडून पूर्वेला सरकत असेल, तर क्रम बहुधा ठरलेला असतो. आधी वायुदाबमापकाचा काटा उतरू लागतो आणि वारा दक्षिणेकडे वळतो, मग उष्ण आघाडीबरोबर, म्हणजे पुढे सरकणाऱ्या उबदार हवेच्या सीमेबरोबर, संततधार येते, त्यानंतर नैर्ऋत्य वाऱ्यासह दमट आणि काहीशी उबदार हवा पसरते, आणि शेवटी शीत आघाडी, म्हणजे मागून येणाऱ्या थंड हवेची सीमा, ओलांडताच वारा झटक्यात वायव्येला फिरतो, तापमान घसरते आणि झोताझोताने सरी येतात. दक्षिण गोलार्धात हेच चित्र आरशात पाहिल्याप्रमाणे उलटते. अशा दिवशी ‘कमाल १२ अंश’ हा आकडा फसवा असतो. ते तापमान पहाटे तीनला नोंदले जाऊन दुपारी केवळ चार अंश असू शकते, पण चौकट मात्र दुपार उबदार असल्याचा भास निर्माण करते.

काही आवर्ते अतिशय वेगाने खोल होतात. ६० अक्षांशावर चोवीस तासांत केंद्रातील दाब निदान २४ हेक्टोपास्कलने (हेक्टोपास्कल हे हवेच्या दाबाचे एकक) उतरला, तर हवामानशास्त्रज्ञ अशा आवर्ताला ‘बॉम्ब’ म्हणतात. अक्षांश कमी असेल तर मर्यादाही त्या प्रमाणात कमी होते. सँडर्स आणि ग्याकुम या शास्त्रज्ञांनी १९८० मध्ये अशा आवर्तांचा अभ्यास मांडला, तेव्हा ती प्रामुख्याने हिवाळ्यात आणि समुद्रावर घडतात असे दिसून आले. खंडाची गोठलेली हवा आणि उबदार सागरी प्रवाह जेथे शेजारी येतात, ते जपानच्या आणि उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यालगतचे समुद्र ही त्यांची ठळक जागा आहे.

अंदाजातील वाऱ्याचा वेग ही बहुधा जमिनीपासून दहा मीटर उंचीवरची दहा मिनिटांची सरासरी असते. झोत त्याहून बराच जोरदार असतो आणि नुकसान करतो तो झोतच. शिवाय वाऱ्याचा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून ताशी ४० किलोमीटरच्या वाऱ्यापेक्षा ८० किलोमीटरचा वारा दुप्पट नव्हे, तर चौपट रेटतो. सागरी अंदाजात वेग नॉटमध्ये देतात. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर, आणि बोफर्ट मापनश्रेणीतील आठव्या क्रमांकाचा झंझावात ३४ नॉटला, म्हणजे ताशी सुमारे ६३ किलोमीटरला सुरू होतो.

लोकांसाठी हवामानाचा इशारा देण्याची पद्धत किनाऱ्यावरच्याच एका दुर्घटनेतून उभी राहिली. ऑक्टोबर १८५९ मध्ये ‘रॉयल चार्टर’ हे जहाज वेल्समधील अँगल्सी बेटाच्या खडकांवर आदळून चारशेहून अधिक माणसे मेली. त्यानंतर ब्रिटिश नौदलातील अधिकारी रॉबर्ट फिट्झरॉय यांनी किनाऱ्यावरील ठाण्यांकडून तारायंत्राने दाब आणि वारा यांच्या नोंदी मागवण्यास आरंभ केला, फेब्रुवारी १८६१ मध्ये बंदरांना वादळाचे इशारे पाठवले, आणि त्याच वर्षी १ ऑगस्टला वृत्तपत्रातून सर्वसामान्यांसाठी पहिला अंदाज प्रसिद्ध झाला. हे भविष्यकथन नव्हे, तर नोंदी आणि गणित यांवर आधारलेले मत आहे, असा त्यांचा आग्रह होता. आजही अंदाज हातात घेताना हा भेद मनात ठेवावा असे मला वाटते.

पाण्याची पातळी

वादळात समुद्र नुसता खवळत नाही, तो उंचावतो. हवेचा दाब एका हेक्टोपास्कलने उतरला की पाण्याची पातळी सुमारे एक सेंटिमीटर चढते, म्हणजे केंद्रात दाब नेहमीपेक्षा ४० हेक्टोपास्कलने कमी असेल तर केवळ त्यामुळे ४० सेंटिमीटरची वाढ होते. उथळ समुद्रावरून किनाऱ्याकडे सलग वाहणारा वारा याहून कितीतरी अधिक पाणी रेटून आणतो. हा फुगवटा भांगाच्या भरतीत आला तर बहुधा निभावून जातो, पण अमावास्या किंवा पौर्णिमेच्या सुमारास, उधाणाची भरती ऐन चढलेली असताना आला, तर बंधारे फोडतो. ३१ जानेवारी १९५३ च्या रात्री उत्तर समुद्रात नेमके हेच घडले. वायव्येकडच्या प्रचंड वाऱ्याने पाणी दक्षिणेच्या निमुळत्या भागात कोंबले, त्यात उधाणाची भरती होती, आणि नेदरलँड्समध्ये १,८३६ तर इंग्लंडमध्ये ३०७ माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर नेदरलँड्सने डेल्टा प्रकल्पाची बांध-दारे उभारली आणि लंडनसाठी थेम्स नदीवर अडसर बांधला गेला.

म्हणून वादळाचा इशारा वाचताना शेजारी भरतीचे वेळापत्रक असलेच पाहिजे. वादळ चार तास लवकर आले की उशिरा, यावर पावसाच्या आकड्यात विशेष फरक पडणार नाही, पण पाणी घरात शिरते की नाही हे त्या चार तासांवर ठरते.

आठवड्यातील कोणत्या दिवसावर किती भरवसा

सातही चौकटी सारख्या आकाराच्या छापलेल्या असल्या तरी सातही दिवसांची खात्री सारखी नसते. १९६१ मध्ये अमेरिकी हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेंझ यांनी संगणकावर हवामानाचे एक सोपे प्रारूप दुसऱ्यांदा चालवत असताना ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ हा आकडा भरला, आणि काही काळाने दोन्ही गणिते एकमेकांपासून पूर्णपणे दुरावली. आजच्या मोजणीतील एवढीशी चूक पुढील आठवड्यात मोठी होते. समुद्रावर मोजणारी ठाणी विरळ असल्याने किनाऱ्यावर, वारा पाण्याकडून येत असताना, आरंभीच्या स्थितीची ही उणीव अधिक जाणवू शकते. उपग्रहांनी ती बरीच भरून काढली आहे, पुरती नाही.

यावर तोडगा म्हणून एकाच अंदाजाऐवजी किंचित वेगवेगळ्या आरंभस्थितींपासून अनेक अंदाज चालवले जातात. युरोपीय मध्यम-पल्ला हवामान अंदाज केंद्राने ही पद्धत डिसेंबर १९९२ मध्ये नियमितपणे सुरू केली, आणि पुढे तिच्यात ५१ गणिते एकत्र चालू लागली. पाचव्या दिवशी त्यांपैकी ४५ गणिते वादळ किनाऱ्याजवळून नेत असतील तर तयारीला लागावे. निम्मी गणिते वादळ दूर समुद्रात नेत असतील आणि निम्मी किनाऱ्यावर आणत असतील, तर चौकटीतला ढग हा केवळ दोहोंचा मध्य असतो, आणि तो मध्य बहुधा प्रत्यक्षात येतच नाही. हिवाळी वादळाचा मार्ग शंभर किलोमीटर सरकला की काठावरचा पाऊस बर्फात बदलतो, आणि शंभर किलोमीटर ही पाचव्या दिवसासाठी अगदी साधी चूक आहे.

पहिल्या दोन दिवसांचे तास मोजावेत, तिसऱ्यापासून पाचव्यापर्यंत केवळ दिवस पाहावा, आणि सहाव्या-सातव्या दिवसाबद्दल वारा जमिनीकडून राहील की समुद्राकडून एवढेच विचारावे, असे मी सुचवीन. अपवाद स्थिर उच्च दाबाचा. मोठे प्रत्यावर्त, म्हणजे उच्च दाबाचे क्षेत्र, एखाद्या प्रदेशावर ठाण मांडून बसले, तर सातव्या दिवसाचा अंदाजही बऱ्याच विश्वासाने घेता येतो.

लाटा मागाहून येतात

अंदाजात दिलेली लाटेची उंची ही सर्व लाटांपैकी सर्वांत उंच एकतृतीयांश लाटांची सरासरी असते. म्हणजे तीन मीटर लिहिलेले असताना काही तासांत त्याच्या जवळजवळ दुप्पट उंचीची एखादी लाट येणे हे नियमातच बसते. १ जानेवारी १९९५ रोजी उत्तर समुद्रातील द्राउप्नर या तळावर, ही सरासरी सुमारे १२ मीटर असताना, २५.६ मीटर उंचीची लाट उपकरणाने नोंदली.

उंचीच्या जोडीला दोन लाटांमधला अवधी सेकंदांत दिलेला असतो, आणि तो वगळून चालत नाही. स्थानिक वाऱ्याने उठलेल्या लाटा पाच-सात सेकंदांच्या, आखूड आणि विस्कळीत असतात. दूरच्या वादळातून निघालेल्या लाटांचा अवधी पंधरा सेकंदांच्या आसपास असू शकतो, त्यांची ऊर्जा खोल पाण्यात ताशी सुमारे ४२ किलोमीटर वेगाने, म्हणजे दिवसाला हजार किलोमीटर सरकते, आणि काठाला येईपर्यंत त्या नजरेला फारशा जाणवतही नाहीत. तीन हजार किलोमीटरवर उठलेले वादळ विरून गेल्यावर तीन दिवसांनी त्याच्या लाटा पोहोचतात. तेव्हा येथे वारा पडलेला असतो, चौकटीत सूर्य असतो आणि आठवडाभर घरात बसलेली माणसे खडकांवर फिरायला निघालेली असतात. बराच वेळ पाणी शांत दिसते आणि मग लागोपाठ चार-पाच मोठ्या लाटा कोरड्या वाटणाऱ्या खडकावर चढतात. पाणी १५ अंशांहून थंड असेल तर आत पडलेल्या माणसाचा श्वास पहिल्याच मिनिटात अनावर होतो, हिमशीतल पाण्यात साधारण दहा मिनिटांत हातपाय कामातून जातात, आणि शुद्ध हरपायला तासभर लागतो. म्हणून वादळानंतरच्या पहिल्या उन्हाच्या दिवशी चौकटीतील सूर्याकडे पाहण्याआधी लाटांचा अवधी पाहावा, आणि तो बारा सेकंदांच्या पुढे असेल तर काठापासून अंतर राखूनच चालावे.